हिरव्या रंगाचा हिशोब

हिरवा रंग म्हटला की महाराष्ट्रात लगेच आपल्या मोहल्ल्याकडे बोट दाखवलं जातं. निवडणूक जवळ आली असेल तर विचारूच नका. पण गेल्या काही वर्षांत हाच रंग मंत्रालयात, कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत आणि उद्घाटनाच्या फलकांवर मोठ्या दिमाखात मिरवतो आहे. हरित ऊर्जा, हरित पोलाद, हरित गुंतवणूक. कोळशाच्या चंद्रपूरला नवी ओळख द्यायची आहे, गडचिरोलीला ‘स्टील हब’ करायचं आहे आणि हे सगळं ‘ग्रीन’ असणार आहे, असं व्यासपीठावरून सांगितलं जातं. या हिरव्या रंगावर कोणी आक्षेप घेत नाही. माझा आक्षेप आहे. रंगाशी माझं भांडण नाही, त्याचा हिशोब कोणी मागत नाही, याच्याशी आहे.

हिशोब साधा आहे. कोळसा जाऊन दुसरी ऊर्जा येणार असेल, तर फायदा कोणाच्या पदरात पडेल, नुकसान कोण सोसेल आणि हे ठरवणाऱ्या बैठकीत कोण बसलं होतं? जगभर याला ‘न्याय्य संक्रमण’ म्हणतात. हा शब्द कुठल्या कंपनीने किंवा सरकारने शोधलेला नाही. अमेरिकेतल्या तेल, रसायन आणि अणुऊर्जा कामगारांच्या युनियनचे नेते टोनी मॅझोची यांनी ही मागणी रेटली. त्यांचा युक्तिवाद असा होता की, विषारी कारखान्याची जमीन साफ करायला निधी उभा राहतो, मग त्याच कारखान्यात आयुष्य घातलेल्या माणसाला पुन्हा उभं करायला का नाही? २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने त्यावर मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्याच वर्षी पॅरिस कराराच्या प्रास्ताविकेत हा शब्द आला. कामगाराच्या गेटमीटिंगमध्ये जन्मलेला शब्द आपल्याकडे मात्र हॉटेलच्या वातानुकूलित सभागृहातून आला. कामगाराला अजून त्याचं आमंत्रण मिळालेलं नाही.

चंद्रपूर : एक धूर, तीन गट

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशात चौथं होतं. अंकलेश्वर, वापी, गाझियाबाद आणि नंतर चंद्रपूर. वर्धा खोऱ्यातल्या वेकोलिच्या खाणी, महानिर्मितीचं औष्णिक वीज केंद्र, सिमेंटचे कारखाने आणि या सगळ्याला खेटून ताडोबाचं जंगल. उन्हाळ्यात पारा ४५ च्या खाली यायला तयार नसतो. इथली वीज मुंबई-पुण्याकडे जाते, राख इरई नदीच्या काठावर राहते.

या वीज केंद्रात एक छोटं संक्रमण होऊनही गेलं आहे. २१० मेगावॅटचे पहिले दोन जुने संच बंद झाले, ५०० मेगावॅटचे दोन नवे संच आले आणि क्षमता २३४० वरून २९२० मेगावॅटवर गेली. कागदावर हा आकडा वाढलेलाच दिसतो. पण संच बंद होतो तेव्हा कायम कामगाराची बदली होते आणि कंत्राटी कामगाराचं कंत्राट संपतं. बदलीचा आदेश फायलीत सापडतो. कंत्राट संपलेला माणूस कुठल्या फायलीत सापडत नाही. आणि हे तर गेटच्या आतल्या माणसाचं झालं. कोळसा डेपोवर भरणी करणारे, साइडिंगवर कोळसा वेचणाऱ्या बाया, ट्रकचे ड्रायव्हर-क्लीनर, टायरवाले, वेल्डर, ढाबेवाले, खाणीजवळच्या वस्तीत खोल्या भाड्याने देणारे, यांची मोजणी कोणी करायची? हे सगळे कोळशावर जगतात आणि एकाच्याही हातात कोळसा कंपनीचं नेमणूकपत्र नाही.

कोळसा उद्या बंद होणार नाही, हे मलाही कळतं. देशाने शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्ट २०७० चं ठेवलं आहे. म्हणूनच मोजणी आज करायची असते. खाणीला टाळं लागल्यावर जी मोजणी होते, तिला पंचनामा म्हणतात.

मग हा हिशोब मागणार कोण? ‘नागरी समाज’ असं उत्तर येतं. चंद्रपुरात नागरी समाज दुबळा आहे, असं कोणी म्हणू नये. ताडोबाच्या शेजारी लोहारा इथे अदानींची कोळसा खाण येणार होती. २००९ मध्ये ‘इको-प्रो’च्या बंडू धोतरे यांनी उपोषण केलं, शहर रस्त्यावर आलं आणि केंद्राला पाऊल मागे घ्यावं लागलं. वेकोलि आणि वीज केंद्रात कामगार संघटना जुन्या आणि बळकट आहेत. ‘श्रमिक एल्गार’ने गावागावांत वनहक्काचं काम केलं. माणसं आहेत, हिंमत आहे, अनुभव आहे. अडचण अशी की हे तीन वेगवेगळे नागरी समाज आहेत आणि ते एकमेकांच्या सभेला जात नाहीत.

फेब्रुवारी २०२२ मधली घटना आठवा. वीज केंद्रातली ड्युटी संपवून घरी निघालेल्या कामगाराला केंद्राच्याच आवारात वाघाने मारलं. लगेच दुसऱ्या दिवशी जवळच्या दुर्गापुरात बिबट्याने एका शाळकरी वयाच्या मुलाचा जीव घेतला. वाघवाल्यांना यात वाघाचा अधिवास दिसला, युनियनला नुकसानभरपाई दिसली, प्रशासनाला कायदा-सुव्यवस्था दिसली. वाघ तिथे का आला? कारण जंगलाचे तुकडे खाणींनी केले. कामगार अंधारात एकटा का निघाला होता? कारण त्याच्या घरी जाण्याची व्यवस्था कोणाच्या खर्चात धरलेली नव्हती. कारण एकच आहे आणि त्यावर एकत्र बसून बोलणारं टेबल जिल्ह्यात नाही.

पर्यावरणवाद्यांना कामगार दिसतो तो ‘अतिक्रमण’ म्हणून. युनियनला पर्यावरणवादी दिसतो तो नोकरीवर टपलेला शहरी माणूस म्हणून. जंगलातल्या ग्रामसभेला हे दोघेही परके वाटतात. कंपनीला आणखी काय हवं? ती एकाला वृक्षारोपणाचं काम देते, दुसऱ्याला बोनस देते आणि तिसऱ्याला लोकसुनावणीची नोटीस पाठवते.

गडचिरोली : पाइपलाइन आली, ट्रक कुठे जाणार?

चंद्रपुरात जुनं कसं बंद होणार हा प्रश्न आहे, तर वैनगंगेपलीकडे नवं कसं सुरू होतंय हा. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरावर माडिया गोंडांचा ठाकुरदेव आहे. दर जानेवारीत तिथे यात्रा भरते. त्याच डोंगरावर २००७ मध्ये लॉइड्स मेटल्सला ३४८ हेक्टरचा लोहखनिजाचा पट्टा मिळाला. उत्खननाची मर्यादा वर्षाला ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर नेण्यासाठी लोकसुनावणी झाली ती २७ ऑक्टोबर २०२२ रोजी. कुठे? डोंगराच्या पायथ्याशी नाही. शंभराहून जास्त किलोमीटर दूर, गडचिरोलीच्या जिल्हाधिकारी कार्यालयात. २००६ ची पर्यावरण आघात अधिसूचना सांगते की सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा अगदी जवळ व्हावी. सुरक्षेचं कारण पुढे करून लोकांपासून लांब घेतलेल्या सुनावणीत लोकांचं मत नोंदवलं गेलं, असं कागद म्हणतो.

त्यानंतर ११ मार्च २०२३ पासून तोडगट्टा इथे परिसरातल्या ग्रामसभांनी ठिय्या मांडला. नव्या खाणी नकोत, आमच्या ग्रामसभेला विचारा, एवढीच मागणी. आठ महिन्यांहून जास्त काळ माणसं तिथे झोपड्या बांधून बसली. २० नोव्हेंबर २०२३ ला पोलिसांनी तो तळ उठवला. मुंबई-पुण्यातल्या किती वर्तमानपत्रांनी त्याची पहिल्या पानावर दखल घेतली, ते तुम्हीच आठवून बघा. २०२५ मध्ये केंद्राच्या वन सल्लागार समितीने याच भागात खनिज शुद्धीकरण प्रकल्पासाठी ९३७ हेक्टर वनजमीन वळती करण्याची शिफारस केली. झाडं पडणार लाखाहून अधिक. आणि दुसरीकडे जिल्ह्यात कोटभर झाडं लावण्याचा संकल्प जाहीर होतो. रोप आणि जंगल यांतला फरक न कळणारा माणूस मोह, तेंदू, बांबूच्या जिल्ह्यात क्वचितच सापडेल. तो फक्त फायलीत भेटतो.

आता त्या पाइपलाइनकडे येऊ. हेडरीहून कोनसरीच्या प्रकल्पापर्यंत खनिजाचा गाळ वाहून नेणारी सुमारे ८५ किलोमीटरची वाहिनी टाकली गेली. ट्रक कमी होतील, डिझेल वाचेल, धूळ बसेल. चांगलंच आहे. आष्टी-आलापल्ली रस्त्यावर खनिजाच्या ट्रकांनी जो उच्छाद मांडला होता, तो पाहिलेला कोणीही पाइपलाइनचं स्वागत करील. मीही करतो. पण हे ट्रक चालवणारा, कर्ज काढून ट्रक घेणारा, रस्त्याकडेला पंक्चर काढणारा, चहाची टपरी टाकणारा, यांचं काय? ‘हरित’ झाल्याचं श्रेय कंपनीच्या अहवालात जाईल आणि बँकेचा हप्ता ड्रायव्हरच्या घरी राहील. न्याय्य संक्रमण हे बर्लिन-जोहान्सबर्गमधलं प्रकरण आहे असं वाटणाऱ्यांनी या पाइपलाइनचा एवढा एकच नमुना अभ्यासावा.

यावर ठरलेलं उत्तर तयार असतं : तुम्ही विकासाच्या विरोधात आहात. गडचिरोलीत त्याला आणखी एक शेपूट जोडता येतं : तुम्ही नक्षलवाद्यांचे समर्थक आहात. खरं तर बंदुकीचा सर्वांत मोठा तोटा ग्रामसभेलाच झाला. एका बाजूने ‘खबरी’, दुसऱ्या बाजूने ‘समर्थक’, आणि मधल्या मध्ये कायद्याने दिलेला हक्क मागणारा माणूस चिरडला गेला. आता सरकारच म्हणतं की नक्षलवाद संपत आला. मग सुनावणी गावात घ्यायला भीती कशाची?

जिल्ह्यातल्या तरुणांना नोकऱ्या हव्या आहेत, हेही तितकंच खरं. कोनसरीत कामाला लागलेल्या पोराच्या घरी पहिल्यांदाच दर महिन्याला पगार येत असेल, तर त्याला कोणी शहरातून उठून जंगलाचं प्रवचन देऊ नये. त्याला विचारण्यासारखा प्रश्न वेगळा आहे. नोकरी कायम आहे की कंत्राटी? खाण संपल्यावर तुझ्या हातात कोणतं कौशल्य उरणार? आणि त्या नोकरीसाठी तुझ्या गावाने जे दिलं, त्याची किंमत कोणी ठरवली?

हिरवं तेवढं न्याय्य नसतं

हे दोन जिल्हे हा धडा चाळीस वर्षांपूर्वीच शिकले आहेत. १९८० च्या दशकात गोदावरीवर इचंपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपट्टणम अशी दोन मोठी धरणं होणार होती. पाण्यापासून वीज. धूर नाही, राख नाही. आजच्या भाषेत शुद्ध हरित ऊर्जा. त्यात हजारो हेक्टर जंगल आणि आदिवासींची गावं बुडणार होती. बाबा आमटे आणि आदिवासी नेते एकत्र आले, ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभं राहिलं आणि धरणं थांबली. त्या घोषणेत जंगल आणि माणूस एकाच ओळीत होते. आज जंगलाची संस्था वेगळी, माणसांची वेगळी.

त्या आंदोलनाच्या वातावरणातूनच धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) घडलं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा सगळ्यांनी ऐकली आहे. घोषणेमागची पद्धत मात्र फार कमी लोकांनी पाहिली. मोहन हिराबाई हिरालाल आणि त्यांची ‘वृक्षमित्र’ गावात नेते म्हणून गेले नाहीत. देवाजी तोफा आणि गावकऱ्यांबरोबर ते अभ्यासगटात बसले. कायदा वाचला, नकाशा वाचला, बांबू कोण किती नेतो ते मोजलं. निर्णय मात्र ग्रामसभेने घ्यायचा आणि तोही सर्वसहमतीने. २००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा हे गाव तयार होतं. २००९ मध्ये सुमारे १८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबूचा वाहतूक परवाना वनखातं सोडेना, तेव्हा २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांना गावात येऊन ते परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती द्यावं लागलं. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने पुढचं पाऊल टाकलं. बांबू स्वतः विकला आणि तेंदूपत्त्यासाठी झाडं छाटावी लागतात, आगी लागतात, म्हणून ते उत्पन्नच सोडलं. आज एकट्या गडचिरोलीत तेराशेहून अधिक गावांकडे सामूहिक वनहक्क आहेत.

हरित अर्थव्यवस्था म्हणतात ती हीच. जंगल उभं, मजुरी गावात, हिशोब फळ्यावर. पण शासनाच्या आणि कंपन्यांच्या सादरीकरणात हे मॉडेल शोधून सापडत नाही. कारण त्यात गाव मालक असतं, लाभार्थी नसतं. उलट कायदेच पातळ केले जात आहेत. २००९ च्या परिपत्रकाने वनजमीन वळती करण्याआधी ग्रामसभेची संमती लागत असे. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार ओडिशातल्या नियमगिरीत बारा ग्रामसभा बसल्या आणि बाराही ग्रामसभांनी वेदांताच्या खाणीला नकार दिला. २०२२ च्या वन संवर्धन नियमांनी मात्र क्रम उलटवला. आधी केंद्राची मंजुरी, वनहक्कांचं काय ते राज्य नंतर पाहील. लग्न लागल्यावर नवरीला ‘कबूल आहे का’ विचारण्यासारखंच हे.

आपला काय संबंध?

हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो. जंगल आदिवासींचं, वाघ पर्यटकांचा, खाण सरकारची, आपण कशाला मध्ये पडायचं? असं म्हणणाऱ्याने बल्लारपूर, घुग्घुस, राजुरा, दुर्गापूरच्या रस्त्यावरून एक चक्कर मारावी. गॅरेज कोणाची आहेत, वेल्डिंगच्या ठिणग्या कोणाच्या हातातून उडतात, ट्रकच्या केबिनमध्ये कोण बसलंय, भंगार कोण तोलतंय, ते बघावं. कोळशाच्या या अनौपचारिक अर्थव्यवस्थेत आपली माणसं मोठ्या संख्येने आहेत. त्यातल्या बहुतेकांकडे ना जमीन, ना जंगलावर हक्क, ना युनियनचं कार्ड. धक्का बसेल तेव्हा सर्वांत आधी हीच माणसं पडतील आणि कोणत्याही यादीत त्यांचं नाव नसेल. नागरिकत्वाच्या कागदांसाठी आपण धावपळ केली, कारण यादीबाहेर राहण्याचा अर्थ आपल्याला कळत होता. ही यादीही तशीच आहे.

जंगलातल्या गावांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मुस्लिम कुटुंबंही आहेत. वनहक्क कायदा त्यांचा धर्म विचारत नाही. तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य आणि जंगलावरची उपजीविका सिद्ध झाली तर ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून त्यांचाही हक्क आहे. पण ग्रामसभेत जाऊन बसल्याशिवाय तो मिळत नाही. आणि गोंडांशी आपलं नातं कालपरवाचं नाही. नागपूर वसवणारा देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह मुसलमान होता. आज मात्र ठाकुरदेवाचा डोंगर पोखरला जातो तेव्हा आपल्या जमातींकडून, संघटनांकडून पाठिंब्याचं साधं पत्रकही निघत नाही. स्वतःच्या कब्रस्तानाची जागा गेली तर आपण जिल्हाधिकारी कचेरीवर जातो. दुसऱ्याच्या देवाची जागा गेली तर गप्प बसतो. मग आपल्या वेळी तो गप्प बसला, अशी तक्रार कोणत्या तोंडाने करायची?

पाणी, चारा आणि आग यांत सगळ्यांचा वाटा आहे, अशी शिकवण हदीसमध्ये आहे. आग म्हणजे त्या काळची ऊर्जाच. वक्फची कल्पनाही तीच. संपत्ती अल्लाहची, मुतवल्ली फक्त राखणदार आणि त्याने हिशोब द्यायचा. जुम्म्याच्या बयानात हे आपण ऐकतो. पण जिल्ह्याच्या खनिजाचा मुतवल्ली कोण आणि त्याचा हिशोब कुठे आहे, हे विचारत नाही.

तो हिशोब विचारायची जागा कायद्यात आहे. २०१५ च्या खाण कायदा दुरुस्तीने प्रत्येक खाण जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. जुन्या खाणींनी स्वामित्वधनाच्या ३० टक्के आणि नव्यांनी १० टक्के रक्कम त्यात भरायची. पैसा खाणबाधितांचा. प्राधान्य पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण, कौशल्य यांना. अनुसूचित क्षेत्रात योजनांना ग्रामसभेची मान्यता हवी. संक्रमणाचा सर्वांत मोठा तयार निधी हाच आहे, जगापुढे हात पसरायची गरज नाही. पण किती मोहल्ला कमिट्यांनी, किती युनियननी, किती वन्यजीव संस्थांनी या निधीची कामनिहाय यादी मागून घेतली? रस्ते, इमारती आणि सुशोभीकरणात तो संपला, तर दोष एकट्या नेत्यांना देता येणार नाही.

टेबल मागा

जर्मनीने कोळसा सोडायचं ठरवलं तेव्हा २०१८ मध्ये एक आयोग नेमला. त्यात उद्योग होते, कामगार संघटना होत्या, पर्यावरण संस्था होत्या आणि खाणपट्ट्यातले रहिवासीही होते. २०१९ मध्ये त्यांनी २०३८ ही मुदत आणि कोळसा प्रदेशांसाठी ४० अब्ज युरोंची शिफारस केली. त्यावरही टीका झाली, पण लोक टेबलावर होते. दक्षिण आफ्रिकेत कोमाटीचं वीज केंद्र ऑक्टोबर २०२२ मध्ये बंद झालं. कामगार आणि वस्तीची पुरेशी तयारी न करता ते बंद केलं, असं तिथल्या राष्ट्राध्यक्षांच्या हवामान आयोगालाच नंतर म्हणावं लागलं. चंद्रपूरने यातलं कोणतं उदाहरण गिरवायचं?

मागण्या अवघड नाहीत. दोन्ही जिल्ह्यांसाठी संक्रमण परिषद हवी आणि तिच्यात ग्रामसभा, कंत्राटी कामगार, वाहतूक कामगार, महिला बचत गट आणि पर्यावरण संस्था यांना मतासह जागा हवी. खाण किंवा संच बंद करण्याआधी गेटबाहेरच्या माणसांसह सगळ्यांची नोंदवही हवी. खनिज निधीचं वाचन दरवर्षी ग्रामसभेत आणि वॉर्डसभेत व्हायला हवं. आणि हरित असो वा नसो, कोणत्याही प्रकल्पाआधी गावाची संमती हवी, जिच्यात ‘नाही’ म्हणण्याचाही हक्क असेल. ‘हो’ एवढंच उत्तर चालणार असेल तर तिला संमती म्हणू नये.

सरकार हे टेबल आपण होऊन मांडणार नाही. ते आधी आपल्यालाच मांडावं लागेल, तेही मंत्रालयात नाही, गावात आणि वस्तीत. मेंढ्याच्या अभ्यासगटासाठी इमारत लागली नव्हती. लोकसुनावणीची नोटीस ३० दिवस आधी निघते, प्रकल्प अहवालाचा सारांश मराठीत देणं बंधनकारक असतं. जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीच्या आवारात, रविवारी युनियनच्या ऑफिसात, बाजाराच्या दिवशी ग्रामसभेच्या पारावर हा सारांश मोठ्याने वाचायला काय हरकत आहे? एकाने वाचावा, दुसऱ्याने हरकत लिहावी, तिसऱ्याने माहितीचा अर्ज टाकावा. आणि पुढच्या सुनावणीला गॅरेजवाला, खाण कामगार, ग्रामसभेचा माणूस आणि वाघ वाचवणारा कार्यकर्ता एकाच गाडीतून जावेत. कंपनी आणि प्रशासन या चौघांना वेगवेगळं भेटायला सरावले आहेत. एकत्र आलेल्या चौघांना काय उत्तर द्यायचं, याची तयारी अजून त्यांनी केलेली नाही.